दहाच्या आतलं दुखणं

मी शाळेत नापास झाले ती गणितात, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते पन्नाशी ओलांडल्यावर, ओरोसच्या एका दवाखान्यात नापास झाले तेव्हा. तिथे माझं दुखणं मोजलं, आणि ते कमी भरलं.

दुखणं म्हणजे सोरायसिस. नाव भारदस्त आहे. कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी मान डोलावतो आणि मग एक पाऊल मागे जातो. 'लागट नाही हो,' असं मी पुढच्याच वाक्यात सांगते, पण तोवर पाऊल मागे गेलेलं असतं. कोपरांवर, नडग्यांवर चट्टे होतेच, पण ते कपड्यांत झाकतात. हात कशात झाकायचे? माझे दोन्ही तळहात लाल, जाड होऊन भेगाळले होते. मूठ वळली की भेग उकलायची आणि रक्त यायचं. कोकमाच्या आगळाचा थेंब लागला तरी डोळ्यांपुढे अंधारी. आणि आमच्या किनाऱ्यावरच्या बाईला आगळ, मीठ, माशाचं पाणी यांच्यापासून लांब राहा म्हणणं म्हणजे स्वयंपाकघरातून उठ म्हणण्यासारखंच.

तशी मी उठलेच. मला कुणी उठवलं असं म्हणता येणार नाही. आमचे हे ओरोसच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून आम्ही तोंडवलीच्या घरी राहायला आलो. शेजारीच धाकटी जाऊ पर्यटकांना खोल्या देते. जेवणाचं माझ्याकडे होतं. एकदा मी घावणे वाढायला गेले, तर एका बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं आणि आपली ताटली हळूच स्वतःकडे ओढून घेतली. "पोट भरलं माझं," म्हणाल्या. अजून पहिला घावणाही पडला नव्हता. संध्याकाळी जाऊ आली. बिचारी पदराशी चाळा करत म्हणाली, "वैनी, तुमी आता आराम करा ओ." तेव्हापासून मला आराम हा शब्द आवडत नाही.

मग रेशनच्या दुकानातल्या यंत्राने माझा अंगठा ओळखायचं बंद केलं. दुकानदार म्हणाला, पुसून लावा. पुसून लावला. दुसरं बोट लावा. दहाही बोटं लावून झाली, मागे रांग लागली, आणि यंत्राच्या मते मी कुणीच नव्हते. माझ्या मागची म्हातारी म्हणाली, "गो, घोवाक पाठव." तेव्हापासून हे जातात. मग हळदीकुंकू. तिथे एकीने माझी ओटी भरली ती जरा उंचावरून. नारळ पदरात पडला तो असा, की मला माड आठवला. हसले मी. घरी येऊन सासूबाईंना नक्कल करून दाखवली, त्याही हसल्या. त्यानंतर मी हळदीकुंकवाला गेले नाही. वाडीतल्या लग्नांनाही गेले नाही, समुद्रावरसुद्धा नाही. कुणी विचारलं की सांगायचे, "बरां आसा."

असं चाललेलं असताना यांना कुठूनसं कळलं की ओरोसच्या त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा कोल्हापूरहून त्वचेच्या डॉक्टरीणबाई येतात, आणि बाहेरच्या एका संस्थेच्या मदतीने थोड्या रोग्यांना नवीन इंजेक्शन मोफत मिळतं. ते आम्हाला विकत परवडणाऱ्यातलं नव्हे. त्या इंजेक्शनने हात साफ झालेली माणसं यांनी म्हणे मोबाईलवर बघितली होती. मलाही दाखवली. एका माणसाचे आधीचे हात आणि नंतरचे हात. ते नंतरचे हात मी इतक्या वेळा बघितले की सासूबाई म्हणाल्या, "कोणाचो हात बघतंस गो सारखो?"

दवाखान्यातून फोनवर नियमही कळला. आधी दुखणं मोजणार. डॉक्टर अंग बघून एक आकडा काढणार, आणि दुखण्याने जगण्यावर काय परिणाम झाला याचे दहा प्रश्न, त्यांचा दुसरा आकडा. दोन्हींतला एक तरी दहाच्या वर गेला तर नाव पुढे. माझी खात्री होती. हे हात दहाच्या वर जाणार नाहीत तर कुणाचे जातील?

आदल्या दिवशी दुपारीच सासूबाईंनी मला मागीलदारी पाटावर बसवलं.

"असो अवतार घेवन डॉक्टरणीकडे जातलंस?" त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याक शिसारी येयत. माणसां काय म्हणतली, ह्या घरात सुनेक कोण बघणा नाय?"

त्यांनी नारळाचं तेल कोमट केलं, कोपरांपासून नडग्यांपर्यंत मुरवलं, आणि गरम पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने सगळा कोंडा हलक्या हाताने काढून टाकला. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे धरलेले, तासभर माझ्यापुढे उकिडवी बसून होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "झोंबता?" मी नाही म्हणायचे. शेवटी त्यांनी माझ्याकडे कलती मान करून बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या, "आता कशी माणसांत जावच्यासारखी दिसतंस."

खरंच दिसत होते. चट्ट्यांवरचा पांढरा थर गेला होता, लाली उतरली होती. बऱ्याच दिवसांनी माझ्या अंगाला कुणी इतका वेळ हात लावला होता. मी त्या दुपारी सुखात होते, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मालवणला उतरून कसालची गाडी धरली आणि पुढे ओरोसला पोचलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात सिस्टरने दहा प्रश्नांचा कागद दिला आणि सांगितलं, पेशंटने स्वतः भरायचा. माझ्या बोटांत पेन धरवेना. आणि धरवलं असतं तरी आमच्या घरात कागद भरायचं काम एकाच माणसाचं. हे आयुष्यभर कारकून. अक्षर असं की साहेब लोक पत्र वाचायच्या आधी बघत बसायचे. चष्मा पुसून हे म्हणाले, "मी आहे ना."

दुखण्याच्या कागदाकडे यांनी कार्यालयातून मागवलेल्या माहितीसारखंच बघितलं. वरिष्ठांनी विचारलं आहे, तर एकही रकाना रिकामा राहता कामा नये, आणि उगाच तक्रारही दिसता कामा नये.

"गेल्या आठवड्यात खाज, दुखणं?" त्यांनी वाचलं. "थोडं लिहितो."

"थोडं?"

"मगे काय, खूप लिवू? आपल्याकडे कोण रडणा नाय."

बाजारहाट, घरकाम यांत अडचण? "बाजार मी करतंय. घरकाम जावबाय करता. लागू नाही." चारचौघांत मिसळण्यात अडचण? "तू खंय जातंस? लागू नाही." खेळात? यावर दोघंही हसलो. लागू नाही. नोकरीधंद्यात? "तू घरीच आसतंस. लागू नाही." नातेवाइकांमुळे त्रास? "आमच्या घरात तुला कोणी काय बोलला काय?" नव्हतं बोललं कुणी. नाही. नवव्या प्रश्नाशी हे थांबले. नवराबायकोच्या आतल्या संबंधांबद्दलचा प्रश्न होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला, आणि वाचून न दाखवता पटकन 'लागू नाही'वर खूण केली. मी व्हरांड्याबाहेरच्या काजूकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड होत्या. त्यांनी मला सांगितलं, "तुमचाच तळहात, बोटं मिटून, म्हणजे तुमच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग. असे किती तळहात मावतील एवढे चट्टे आहेत ते बघायचं." माझं अंग मोजायला माझाच फुटलेला तळहात. मग लाली किती, जाडी किती, खवले किती. खवल्यांपाशी त्या थबकल्या.

"काल काही लावलं होतं का?"

"आईने स्वच्छ करून पाठवलंय," हे अभिमानाने म्हणाले.

त्यांनी समोर दिसत होतं ते मांडलं. हात पूर्ण गेलेले, पण हात म्हणजे अंगाचा केवढासा भाग! पहिला आकडा दहाच्या बराच खाली राहिला. मग त्यांनी यांचा कागद घेतला, बेरीज केली, आणि माझ्या हातांकडे बघितलं, परत कागदाकडे.

"काकू, चार?"

"एकही रकाना रिकामा ठेवला नाही," हे म्हणाले.

त्यांना घाई होती. बाहेर रांग होती आणि फोंड्याचा घाट चढून परत जायचं होतं. मलम आणि गोळ्या लिहून दिल्या, म्हणाल्या, तीन महिने नीट घ्या, मग पुन्हा मोजू. तेल आदल्या दोन दिवसांत लावू नका. मी बाहेर आले तेव्हा मला नीटसं कळलंही नव्हतं. औषध देताना सिस्टर म्हणाली, "ओ काकी, लागू नाही म्हणजे शून्य धरतत. तुमी पाच पाच ठिकाणी कित्याक लिवलात?"

हे परत आत गेले, दुरुस्ती करू देता का विचारायला. तोवर डॉक्टरीणबाईंची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. कसाल गेल्यावर म्हणाले, "कार्यालयात कधी माझो एक कागद परत येवक नाय." मी बोलले असते तर रडले असते, आणि रडू पुसायला हात वर नेला की मीठ भेगांत जातं.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात जे चाललं ते कुठल्याच घरात चालत नसेल. माझं दुखणं वाढावं म्हणून सगळं घर देव पाण्यात घालून बसलं. सासूबाई सकाळी उठल्या की आधी माझी कोपरं बघायच्या. "आज जरा बरां दिसता गो," असं पडलेल्या आवाजात सांगायच्या. आपण तेल लावून घात केला हे त्यांच्या मनातून जाईना. तेलाची बाटली त्यांनी फडताळात वरती, स्वतःच्याही हाताला येणार नाही अशी ठेवली. मला तर आशा ठेवायची कुठल्या बाजूने तेच कळेना. बरं वाटलं की मी घाबरायचे, आणि नवी भेग पडली की आधी कळ यायची आणि मागून लाज वाटेल असा आनंद.

चैत्र उतरला, घाम सुरू झाला, आणि मेलं अंग खरंच सुधारायला लागलं. नडग्या जवळजवळ साफ झाल्या. हात मात्र होते तसेच. हातांनी दया दाखवली नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. एकदा मी सहज म्हटलं, जरा समुद्रावर पाय बुडवून येते. तर हे धावत ओसरीवर आले.

"नको! खाऱ्या पाण्यान आणि उन्हान बरां होता म्हणतत."

"मग?"

"मगे काय? आणखी बरां झाला तर?"

त्या वाक्यावर आम्ही तिघंही हसलो. हसता हसता सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि आत गेल्या. मी घरातच राहिले. लाटांचा आवाज ओसरीपर्यंत येतो, तेवढ्यावर भागवलं.

जायच्या आठवड्यात यांनी माझी तयारी घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर हे स्वतः झाले.

"खाज किती?"

"असते आपली."

"आसता आपली म्हणजे किती? अतिशय म्हण."

"अतिशय."

"तसां नाय, मनापासून म्हण. गो आवशी, हिका सांग."

सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "खोटां कित्याक बोलूक लावतंस रे तिका?"

"खोटां खंय?" हे म्हणाले. "हात बघ तिचे."

मला म्हणताच येईना. इतकी वर्षं 'बरां आसा' म्हणून जीभ तिकडेच वळायची. आरशापुढे उभी राहून 'अतिशय' म्हणून बघितलं. नाटकातल्या बाईसारखं वाटलं. मनात धास्ती बसली की यावेळीही मी कमीच भरणार. नडग्या साफ झाल्या म्हणजे पहिला आकडा गेलाच. उरले ते दहा प्रश्न. यावेळी नाव पुढे गेलं नाही तर मलम लावत असेच हात घेऊन मरायचं, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की गाडीत मी यांना म्हटलं, "परत फिरू या का?" हे म्हणाले, "तिकीट काढलंय आता."

यावेळी सिस्टरने यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "ह्येंका पेन देव नको," असं मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, आणि आतल्या खोलीत पडदा ओढून स्वतः वाचायला लागली. बाजारहाट, घरकाम. मी सवयीने म्हणाले, "लागू नाही. मी करत नाही."

तिने पेन थांबवलं. "कित्याक करूक नाय?"

"हात असे आहेत म्हणून."

"हात बरे आसते तर केलां आसतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला वाटलं 'हो' एवढंच म्हणायचंय. पण मी सांगायला लागले ते थांबेना. की मी घावणे जाळीदार करायचे. की जाऊच्या खोबऱ्याच्या वाटपाला अजून माझ्यासारखी चव नाही आणि मी मेली ते तिला मुद्दाम सांगत नाही. की ताटली अशी ओढून घेतली. की नारळ असा वरून पडला. सिस्टर नुसत्या खुणा करत गेली, अतिशयला तीन, खूपला दोन. अतिशय. अतिशय. कपडे? लांब हाताचे शिवते, उकाड्यातही. खूप. खेळ? खेळ खरंच लागू नाही, मी म्हटलं, लंगडीतही मी पहिली बाद व्हायचे. तिथे तिने शून्यावर खूण केली, आणि मला वाटलं की आता ही बाकीचं खरं धरील. नवव्याला तिने पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं. मी पडदा नीट ओढला आहे ना ते बघितलं. मग तिला आकडा सांगितला.

बेरीज चोवीस झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगावरचा आकडा मागच्याहून कमी आलाय, पण हे पुरेसं आहे. नाव पाठवते. रक्त तपासू, छातीचा फोटो काढू. मग वरून मंजुरी. मिळेलच असं मी आज सांगू शकत नाही, काकू. रांग मोठी आहे."

बाहेर हे उठून उभेच राहिले. "किती?"

"चोवीस."

"तिसांत चोवीस!" त्यांनी खिशातून फोन काढला, आईला कळवायला. मी म्हटलं, मंजुरी यायची आहे अजून. "येतली, येतली," हे म्हणाले. मग त्यांच्यातला कारकून जागा झाला आणि फोन तसाच हातात धरून ते परत बाकावर बसले. "खंय किती, सांग बघूया. बेरीज बरोबर आसा काय?"

मी सांगत गेले, ते बोटांवर धरत गेले. खाजेला तीन. मान हलवली. लाजेला तीन. त्यांनी बोट दुमडलं. घरकामाला तीन, कपड्यांना दोन, माणसांत मिसळण्याला तीन, खेळाला शून्य, कामाला तीन.

"आठव्याला दोन."

"नातेवाइकांचो? आमच्या घरात कोण काय बोलला तुका?"

"बोलत नाही ना कुणी. त्याचेच दोन."

त्यांनी बोट धरून ठेवलं. "आणि नवव्याक?"

"तीन."

शेजारी एक बाई पोराला पाठीवर थोपटत बसली होती, ती उठून गेली.

"थंय मी लागू नाही लिवलंय," हे म्हणाले.

"माहीत आहे."

"माका वाटला तुका नको झाला. तुका दुखात म्हणान मी पडवीत झोपाक लागलंय."

"तुम्ही उकडतं म्हणालात."

"उकडता म्हणालंय, होय."

मला वाटायचं ते अंथरुणात पडणाऱ्या कोंड्यामुळे गेले. सकाळी ते उठायच्या आत मी चादर झटकायचे, की पडवीतून आत येताना दिसू नये. हे मी त्यांना त्या बाकावर सांगितलं. सांगायला मला तीन वर्षं आणि एक सिस्टर लागली.

"धाव्याक?" त्यांनी विचारलं. बेरीज अर्धी सोडणं त्यांना जमणारं नव्हतं.

"दोन."

"चोवीस," हे म्हणाले. "बरोबर आसा."

फोन त्यांनी न लावताच खिशात ठेवला. इंजेक्शन मिळालं तर त्यातले किती कमी होतील ते पुन्हा मोजल्यावर कळेल. न मिळालं तर चोवीसच. नवव्याच्या तिनाला मंजुरी कुणाची आणायची, ते मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. मालवणची गाडी कुठे लागते ते विचारायला हे उठले, चार पावलं गेले, आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"ही गाडी जावंदे," म्हणाले. "मागली धरूया."